ऐंशी पावलांची दुर्बीण

ये, जवळ ये जरा. कागदावरून कसं जवळ यायचं म्हणशील, पण ये. फोन उपडा ठेव आणि ऐक. तुझा भाऊ तुझ्याशी तासभर बोलला. माझ्याशी तू बोललीस दोन मिनिटं, त्यातही एकच वाक्य: "मोठीमाय, तू माह्या भावाले चोर म्हटलंस म्हणे." अगं पोट्टे, वकिलाच्या घरी दिली तुला, तरी एका बाजूचं ऐकून निकाल देऊन मोकळी झालीस? असं शिकवलं होतं का मी?

चोर हा शब्द माझ्या तोंडून गेला नाही. गेला तो त्याहून वाईट. तो सांगणार आहे, लपवणार नाही. पण आधी दुर्बिणीचं सांगू दे. सगळं तिथूनच सुरू झालं.

तुझे मोठेबाबा फौजेतून आले आणि पिकाच्या राखणीसाठी त्यांनी बंदुकीचा परवाना काढला, हे तुला ठाऊक आहे. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. वापरणारा म्हणून मी तुझ्या भावाचं नाव लिहून दिलं. त्याचा अर्थ तू नीट समजून घे. बार तो काढणार, आणि उत्तर मी देणार. रानडुकरासाठी वनखात्याचा कागद आहे आपल्याकडे. रोही, हरीण, काळवीट यांच्याकडे नळी वळवायची नाही, वळवली तर बंदूकही जाईल आणि मीही जाईन. मला शाळा नाही, वाचायला माझी मीच शिकले. पण त्या कागदाची ओळ न् ओळ मला पाठ आहे.

दोन वर्षांत मीही तीन-चारदा मचाणावर चढले. गुडघे नको म्हणतात, पण मक्यात डुकरं शिरली की गुडघ्यांचं कोण ऐकतं? मोतीबिंदू काढल्यापासून मात्र वेगळंच झालं. लांबचं लख्ख दिसतं, जवळचं विरघळतं. बंदुकीवर नेम धरायचा तर तीन गोष्टी एका रेषेत याव्या लागतात: मागची खाच, पुढची माशी आणि ते जनावर. मला जनावराच्या पाठीवरचे केस दिसायचे, आणि खाच कुठं गेली तेच कळायचं नाही. चष्मा लावला की खाच यायची आणि जनावर जायचं.

तर एक दिवस तुझा भाऊ म्हणतो, "मोठीमाय, तुह्या डोळ्यांसाठी बंदुकीवर दुर्बीण बसवू. मंग खाच नाई अन् माशी नाई, आत पाह्यचं अन् झालं."

माझ्या डोळ्यांसाठी! ऑपरेशनच्या दिवशी ज्याला सोयाबीनची फवारणी सुचली, त्याला आता माझे डोळे आठवले. मी म्हटलं, दाखव.

त्यानं मोबाइलवर दाखवली ती हातभर लांब. पुढचं भिंग चहाच्या बशीएवढं. सहा ते चोवीस पट.

"चोवीस पट काऊन?" मी विचारलं.

"जास्त पट म्हंजे जास्त चांगलं. हा व्हिडिओवाला सांगून राह्यला ना."

"त्या व्हिडिओवाल्याचं शेत कोठी हाय?"

"मोठीमाय, त्याचं शेत नसंन."

"मंग त्याले डुकरं बी नसतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मचाणापासून नाल्यापर्यंत चालत गेले. ऐंशी पावलं, तीही माझी, म्हातारीची. नाल्याच्या अलीकडे आपलं, पलीकडे वनखात्याचं कुरण. तिथं उन्हं कलली की हरणांचा कळप उभा असतो, लांब, पार बोरीच्या झाडांपाशी. मी नाल्यावर उभी राहिले आणि माझ्या मनात आलं ते आलंच. ऐंशी पावलांवरच्या डुकराला चोवीस पट मोठं करून काय बघायचंय? त्याच्या कानातली गोचीड? चोवीस पट लागते ती बोरीच्या झाडांपर्यंत.

त्यात त्या महिन्यात त्याचा एक नवा दोस्त यायला लागला होता. मेहकरच्या रस्त्यावर ढाबा आहे म्हणे त्याचा. मोटरसायकल फाट्यावर लावायचा आणि घरापर्यंत पायी यायचा. घरासमोर जागा असताना गाडी फाट्यावर कोण लावतं, तूच सांग. मी संशयी आहे म्हणतात सगळे. असेन. संशय नसता तर तुझ्या मोठेबाबांच्या मागं हे शेत माझ्याकडे राहिलं असतं का?

आधी जाऊन मी बंदुकीवर दुर्बीण लावायला चालते का ते कचेरीत विचारून आले. मग आम्ही दोघं बुलढाण्याला दुकानात गेलो. दुकानदारानं मला बघितलं आणि तुझ्या भावाला म्हणाला, "भाऊ, आजीले तिकडं पंख्याखाली बसवा, आपण माल पाहू."

"परवाना आजीच्या नावचा हाय," मी म्हटलं. "पंख्याखाली तुम्ही बसा."

पहिल्यांदा त्यानं एक चकचकीत काढली, स्वस्त म्हणून. मी विचारलं, "ही छऱ्याच्या बंदुकीची त नाई? आमची तीनशे पंधराची हाय, खांदा हालवते." तो हसला आणि ती परत खोक्यात गेली. हसण्यावरूनच मला कळायचं ते कळलं. चार धक्क्यांत हिचं भिंग आतल्या आत सुटलं असतं, आणि नेम एकीकडे, गोळी दुसरीकडे.

मग मी एकेक हातात घेतली. तुझे मोठेबाबा म्हणायचे, एक डोळा मिटून नेम धरणाऱ्याला अर्धं जग दिसत नाही. म्हणून मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं. एक ते चार पटीची एक छोटी होती, पुढचं भिंग नळीएवढंच, दिसायला अगदी गरीब. ती एकवर ठेवून मी दुकानाच्या दाराची चौकट बघितली. बाहेरून येणारी चौकटीची कड आतमध्ये तशीच सरळ जात होती, कुठं तुटत नव्हती, उडी मारत नव्हती. म्हणजे जेवढं आहे तेवढंच दाखवत होती. दुसरीवरही एकच लिहिलं होतं, पण तिच्यात चौकट मोडायची. लिहिलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही, हे बरं झालं.

डोळ्यापासून अंतर चार बोटं ठेवून बघितलं. चार बोटांवर पूर्ण गोल दिसला पाहिजे. कमी अंतर लागणारी घेतली तर बार निघाल्यावर कडा भुवईत घुसते. अशी फुटलेली कपाळं मी पाहिलीत.

"झालं का आजी?" दुकानदार म्हणाला.

"नाई. दिवेलागणीला पाह्यन."

"अवं, ट्यूबलाइटमध्ये काय वाईट दिसते?"

"ट्यूबलाइटमध्ये समद्याच चांगल्या दिसतात. माह्या मक्यात ट्यूबलाइट नाई."

तो कपाळाला हात लावून बसला. मी दुकानाच्या पायरीवर बसले, चांगला दीड तास. उजेड उतरला तशी समोरच्या लिंबाखाली बांधलेल्या शेळीकडे आळीपाळीनं बघत राहिले. मोठी दुर्बीण चोवीसवर नेली की शेळी काळोखात बुडायची, हात जरा हलला की पळूनच जायची. आणि परत सापडवायला पार झाड, भिंत, गटार असं सगळं हुडकावं लागायचं. छोटीत शेळी दिसत होती, तिचं पिल्लू दिसत होतं, आणि पिल्लामागं बसलेली एक बाईही दिसत होती. मला हवं ते हेच. जनावराच्या आजूबाजूला काय आहे, मागं काय आहे.

आणि तुझा भाऊ? तो मोठी दुर्बीण घेऊन दुकानाच्या मागच्या खिडकीत उभा. त्याचं लक्ष शेळीकडे नव्हतंच. लांब पाण्याच्या टाकीकडे बघत होता आणि हरखून म्हणाला, "मोठीमाय, पाह्य! टाकीवरचा कावळा बी दिसून राह्यला!"

माझ्या मनात बोरीची झाडं उभी राहिली, फाट्यावरची मोटरसायकल उभी राहिली. आणि दुकानदारासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर मी बोलून गेले, "ज्याले एवढ्या लांबचं पाहा लागते, त्याची नजर दुसऱ्याच्या हद्दीत असते. ढाब्यावर काय शिजवाचं ठरलं हाय तुमचं?"

हे मी बोलले. चोर नाही म्हटलं. हे म्हटलं.

त्यानं दुर्बीण काचेवर ठेवली, अगदी हळू. माझ्याकडे बघितलंही नाही. बाहेर गेला आणि पुढच्या एसटीनं निघून गेला. मी छोटी घेतली, बिल घेतलं, आणि एकटी आले. मनात म्हटलं, गेला रागावून, म्हणजे खरं असणार. खोटं असतं तर भांडला असता. बघ, संशयाला काहीही पुरतं. भांडला असता तर म्हटलं असतं, भांडतो म्हणजे खरं असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी आला. अंगणातच उभा राहिला. जयभीम केला, पण पायरी चढला नाही. हातात काडतुसांचा डबा.

"हे घे. अन् परवान्यावरचं माहं नाव काढून टाक."

आता सांगते त्याची मला लाज वाटते. मी तो डबा त्याच्यासमोर उघडला आणि काडतुसं मोजली. एकेक करून, ओट्यावर मांडून. तो बघत उभा होता. वहीत लिहिलं होतं तेवढी भरली. एकही कमी नाही. मी पुन्हा मोजली, पोरी. पुन्हा.

"झालं मोजून?" तो म्हणाला. "आता आईक. मागच्या हिवाळ्यात मी मचाणावर होतो. दिवस बुडला होता. नाल्याजवळ मक्यात काळं हाललं. डुक्कर म्हणून म्या नेम धरला, घोड्यावर बोट गेलं. अन् ते खोकललं."

मी डबा खाली ठेवला.

"शेजारचा बुवा होता, मोठीमाय. काळी घोंगडी पांघरून वाकून बसला होता. खोकलला नसता त…" मग म्हणाला, "तवापासून म्या एक बी गोळी सोडली नाई. तू म्हणत होती ना, डुकरं काऊन कमी होऊन नाई राह्यली? म्या मारलीच नाईत. मले वाटलं, मोठी दुर्बीण असंन त डुक्कर हाय का माणूस, ते त दिसंन."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू म्हटलं असतं, ठेव बंदूक. अन् तू एकली चढली असती मचाणावर, त्या डोळ्यांनी."

पण मी मी आहे, गप्प कशी बसेन! म्हटलं, "येड्या, बंदुकीवरच्या दुर्बिणीनं माणूस ओळखाले जाशीन त माणसावर नळी धरशीन. ती जिकडं वळते तिकडं नळी बी वळते. आधी हातातल्या दुर्बिणीनं पाह्यचं, मंग बंदूक उचलाची. तुह्या मोठ्याबाबानं हे सांगतलं नाई का तुले?"

"नाई," तो म्हणाला. "मोठेबाबांनी मले काहीच सांगतलं नाई. समदं तुलेच सांगतलं."

हे मात्र खरं होतं. त्यांनी मला शिकवलं आणि मी कुणाला शिकवलं नाही. वापरणारा म्हणून नुसतं नाव लिहून दिलं. मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाला. डबा माझ्याकडे ठेवून गेला.

तेव्हापासून आलेला नाही. सकाळी शेतात दिसतो, पाणी देतो, माझ्या वाट्याच्या हरभऱ्यालाही देतो, पण बांधावरूनच परत जातो. बंदूक मी मिस्तरीकडून पट्टी बसवून आणली, छोटी दुर्बीण तिच्यावर आहे, आणि ती कपाटात आहे. त्याच्याशिवाय मी ती काढणार नाही. परवान्यावरचं नाव मी काढलेलं नाही, काढणारही नाही. शेजारच्या बुवाला जाऊन विचारलं, हिवाळ्यात मक्यात काय करत होतास रे? तो म्हणतो, आलो नव्हतो. तो खोटं बोलतोय, कणसं चोरायलाच आला असणार. पण त्याला काय सांगू, की तुझा खोकला किती मोलाचा होता?

ढाब्यावाल्याबद्दलचा माझा संशय मात्र गेलेला नाही. गाडी फाट्यावरच लावतो अजून. तो कशासाठी येतो ते तू भावाला विचार. मी विचारलं तर पुन्हा आळ घेतल्यासारखं होईल.

तर आता तुझं काम. पुण्यात हातात धरून बघायची चांगली दुर्बीण मिळत असेल, दोन डोळ्यांची, साधी. ती घेऊन ये. पार्सलनं नको, पार्सलवर माझा विश्वास नाही. ती माझ्या हातून तो घेणार नाही, तुझ्या हातून घेईल. तू अंगणात आलीस की तो पायरी चढेल, मग मी चहा ठेवीन, आणि माझ्या तोंडून जे निघायला पाहिजे ते निघेल. तू समोर असलीस तर निघेल. हरभरा घाट्यावर आलाय, डुकरं वास काढत नाल्यापर्यंत येऊन जातात. साखरखेर्ड्याला उतर, कुणाला तरी घ्यायला पाठवते. पुढच्या आठवड्यातच ये बाई, उशीर करू नको.