घमेल्यांची रांग

चर्चच्या गायनमंडळातून, ते चालवणाऱ्या बाईंनी मला सगळ्यांदेखत काढून टाकलं होतं. "तुझा सूर लागत नाही," एवढंच म्हणाल्या. त्याच उन्हाळ्यात आम्ही कॉलेजातली मुलं-मुली चांदीप गावाजवळच्या एका पाड्यावर प्रार्थनाघर बांधायला गेलो. बाईही आल्या.

स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात वर द्यायला शिडीवर रांग लागली, तेव्हा मी मुद्दाम बाईंच्या खालची पायरी पकडली. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्येच थांबवता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माल भरणाऱ्याला सांगितलं, काठोकाठ भर. बाईंना घाम पुसायलाही उसंत द्यायची नव्हती.

तासाभरात त्यांचे हात थरथरायला लागले. पण त्या थांबल्या नाहीत, गायला लागल्या. त्या तालावर घमेली सरकू लागली, सगळी रांग गाऊ लागली आणि मीसुद्धा, अगदी घसा फोडून. इतकं सुख मला गायनमंडळात कधी मिळालं नव्हतं.

काम आटोपल्यावर सिमेंटनं माखलेल्या हातानं माझी पाठ थोपटत बाई म्हणाल्या, "आज छान लागला गं सूर."

काढून टाकल्याचं मी एक वेळ विसरले असते. त्या शाबासकीचा राग अजून गेलेला नाही.