पगारी रडतराऊ

काम हाती घ्यायच्या आधीच ज्याला त्यातलं विघ्न दिसतं, त्याला लासूरकडं रडतराऊ म्हणतात. मल्हारीला सगळं गाव तेच म्हणायचं. मेंढरांच्या पुढं चालून वाटेतला धोका हेरायचा, ही त्याच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

वाळूजला कारखाने उभे राहिले, तसा तो रोजंदारीवर लागला. त्याला कायम करायचं की काढायचं, ते आज ठरणार होतं.

"आज निस्तं व्हय म्हणायचं," त्याच्या बायकोनं, राजाबाईनं, सकाळीच बजावलं होतं.

क्रेन लोखंडी साचा उचलणार, एवढ्यात मल्हारीची नजर साखळीवर गेली. त्यानं जीभ चावली, पण राहवेना.

"साहेब, ही कडी टिकायची नाय."

"झालं रडतराऊचं सुरू," सोबतचा सांडू हसला.

सुपरवायझर आप्पासाहेबांनी क्रेन थांबवून कडी पाहिली. आतून निम्मी झिजली होती. सांडू साच्याजवळून गुमान बाजूला झाला.

संध्याकाळी राजाबाई दारातच उभी होती.

"बोललात का काही?"

"बोललो."

तिनं कपाळाला हात लावला. "अवं, लई सांगितलं होतं तुम्हाला."

"कायम केलं," मल्हारी चप्पल काढत म्हणाला. "रोज काम सुरू व्हायच्या आधी साखळ्या तपासायच्या. आता पगारी रडतराऊ झालो मी."