कुरवाची टोपी

पेंटरकाकांचा नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुंचला उचलायचा नाही. म्हणूनच फेरीबोटीच्या धक्क्यासाठी कुरव पक्ष्याची पाटी रंगवायची ठरली, तेव्हा ऐन थंडीत ते खाडीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले. ओहोटीच्या चिखलात कुरव तुरुतुरु चालत होते. कबुतराहून जरासेच मोठे, राखाडी पाठीचे, लाल पायांचे. डोकं पांढरंशुभ्र आणि डोळ्यामागे एकच काळा ठिपका, जणू कुणी शाईचं बोट टेकवलंय.

पाटी फक्कड झाली. गावातल्या बाकीच्या पाट्या केव्हाच छापील झाल्या होत्या; हाताने रंगवलेली ही एवढीच उरली.

ऊन तापू लागलं तशी धक्क्याच्या साहेबांनी हाक मारली. "काका, पक्षी बघा आणि तुमची पाटी बघा."

कठड्यावर कुरव ओळीने बसले होते. झाडून सगळ्यांची डोकी गडद तपकिरी!

"हे वेगळे असतील, साहेब."

"वेगळे कसले? लोक हसतायत. दुरुस्त करा, नाहीतर छापील फ्लेक्स लावतो."

काका तोंड पाडून घरी आले. काकू मासळीबाजारात मासे साफ करायच्या; टाकलेल्या आतड्यांवर थंडीभर कुरवांची झुंबड असायची. सगळं ऐकून त्या पोट धरून हसल्या.

"अहो, तेच आहेत ते! उन्हाळ्याच्या तोंडावर डोकं रंगवून घेतात. तुम्ही भाच्याच्या लग्नाला घेतलं होतंत, तसं."

"माझं राहू दे. आधी सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? आता ते त्यांच्या माहेरी जातील, दूर उत्तरेच्या तळ्यांवर, लव्हाळ्यात घरटी करायला. थंडीत परत येतील, पांढरं डोकं घेऊन."

काका विचारात पडले. डोकं तपकिरी केलं तर थंडीत पुन्हा हसं. पांढरं ठेवलं तर फ्लेक्स आलाच. सकाळी त्यांनी प्लायवूडची टोपी कापली, तपकिरी रंगवली आणि पाटीवरच्या डोक्यावर खिळ्याला अडकवली. हवी तेव्हा घाला, हवी तेव्हा काढा.

साहेबांनी टोपी एकदा काढून पाहिली, एकदा घालून पाहिली. मग खो खो हसत म्हणाले, "राहू दे तुमची पाटी!"

आता थंडी सरत आली की काकू बाजारातून येता येताच ओरडतात, "अहो, एकाचं डोकं काळवंडायला लागलंय. टोपी काढा माळ्यावरून!"

"थांब, मला बघू दे," म्हणत काका स्टूल उचलतात आणि खाडीकडे निघतात.