सोळा घरांचा मंगळवासी

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. दुकानात गिऱ्हाइकाला काय थापा मारतो, देवळात जातो म्हणून कुठे जाऊन बसतो — सगळं. एवढी एकच गोष्ट तिच्यापासून लपली. आईबापाला सांगितली नाही, दोस्तांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची आहे, वंदीची. खरं तर माझीच — पण बघा, सुरुवातीलाच तिच्या नावावर टाकली. सवय जात नाही.

बाबा नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत, डॉबीचे म्हणजे कापडातल्या नक्षीचे ग्राफ काढायचे. लूमवर कापडात बुट्टी उठवायची तर आधी ती चौकटींच्या कागदावर काढावी लागते. जे घर काळं, तिथे लाकडी पट्टीत खुंटी ठोकायची. खुंटी असेल तिथे धागा वर उचलला जातो. आडवी सोळा घरं. त्यात फूल बसवा नाहीतर पान. वंदी आठवीतच बाबांपेक्षा स्वच्छ ग्राफ काढायला लागली. बाबा तोंडावर कौतुक करणारे नव्हते, पण त्यांनी टेबलाजवळ तिच्यासाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली. मी दोन वर्षांनी मोठा, माझ्यासाठी कधी आणली नव्हती. त्याचं मला काही वाटलं का? वाटलं. पण मी जे केलं ते त्यामुळे केलं असंही नाही — निदान मला तसं म्हणता येत नाही.

तिला वेड होतं जुन्या इंग्रजी कॉमिकचं. रद्दीवाल्याकडे मुंबईहून गठ्ठे यायचे, त्यात सापडायची. रॉकेटं, डोक्यावर काचेचं भांडं घातलेले अंतराळवीर, मंगळावरून उतरलेले शिंगांचे, लोंबत्या पायांचे राक्षस. पानं पिवळी, इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं आणि शेवटची पानं हमखास फाटलेली. मग शेवट वंदी स्वतः काढायची, ग्राफच्याच उरलेल्या कागदांवर.

आणि धामणकर नाक्यावर व्हिडिओ गेमचं पहिलं मशीन आलं. मुलींनी तिथे जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. मी जायचो आणि घरी येऊन बढाया मारायचो. वरून राक्षसांची रांग सरकत खाली येते, आपण खालून गोळ्या झाडायच्या. दिसतात कसे, तिने विचारलं. मी म्हटलं, चौकोनाचौकोनांचे, तुझ्या ग्राफसारखे. तिने एक कॉमिक आणून माझ्यासमोर उघडलं — असा का? तसाच होता. शिंगं तीच, पाय तेच. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं की हा खेळ बनवणाऱ्यांनी लहानपणी हीच पुस्तकं वाचली असणार, आणि त्यांच्याकडेही घरं मोजकीच असणार, म्हणून त्यांचा मंगळवाला असा आखडून बसलाय. आज माझा मुलगा मोबाइलवर मोठमोठ्या जाणकारांचे व्हिडिओ बघतो, तेही हेच सांगतात. वंदीने ते मशीन डोळ्यांनी न बघता सांगितलं होतं. मी मुलाला म्हणालो का, की हे तुझ्या आत्याला ठाऊक होतं? नाही म्हणालो.

तिने मग तो मंगळवासी सोळा घरांत बसवला आणि कागद माझ्याकडे दिला. मशीनवरच्याशी ताडून बघ, पायाची घरं मोजून आण, असं काम होतं. त्याच दिवशी बाबांचा फुलाच्या बुट्टीचा ग्राफ कारखान्यात पोचवायचा होता. तिने दोन्ही वेगवेगळे गुंडाळले. "दादा, दोरा बांधलाय तो बाबांचा. माझा वेगळा ठेव हां."

मी दोरा सोडून दोन्ही एकात एक गुंडाळले — सायकलवर एकच सुरळी धरायला सोपी. कारखान्यात घाईघाईने एक काढून दिला. खुंट्या ठोकणारा चित्र बघत नसतो, तो घरं वाचतो. नाक्यावर पोचून दुसरा उघडला तर आत फूल. हो, मला तिथेच कळलं. परत जायला दहा मिनिटं पुरली असती. पण माझा नंबर आला होता. उद्या सकाळी बदलून देऊ म्हटलं.

सकाळी गेलो तर लूम चालू झाले होते. मी दारातूनच मागे फिरलो.

आता तुम्ही म्हणाल, पोरवयातली चूक, होतं असं. चूक इथपर्यंतच होती. मी घरी आलो, वंदी शाळेत होती, आणि तिच्या कॉमिकच्या गठ्ठ्यात, मधोमध — बाबांचा तो ग्राफ मी सरकवून ठेवला.

हे मी केलं. माझ्या हातांनी.

पांढऱ्यावर पांढरी बुट्टी, चटकन दिसत नाही. कारखान्याच्या सेठने कापडाचा ताका उजेडात धरला तेव्हा कापडभर मंगळवासी रांगेत उभे होते. "मास्टर, ये मकडी किसने मंगाई?" त्याने बाबांना विचारलं. कारखाना हसला. त्या सेठचं काम त्या दिवशी तुटलं. बाबा घरी आले, त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, वंदीने मला एकच कागद दिला होता. ती म्हणाली, दोन दिले. मग शोधाशोध झाली आणि फुलाचा ग्राफ तिलाच सापडला, तिच्याच गठ्ठ्यात. तो हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. ती मला विचारत होती. "मी दोरा बांधला होता ना रे, दादा?"

मी म्हणालो, मला नाही आठवत.

"या पोरीच्या हाती आता ग्राफ द्यायचा न्हाय," बाबा आईला म्हणाले. कॉमिक रद्दीत परत गेली. खुर्ची शेजाऱ्यांकडे गेली. वंदीने त्यानंतर पेन्सिल धरली ती शाळेपुरती. पुढे गणेशपुरीकडे दिली तिला, भातशेतीचं घर, माणसं चांगली. वर्षातून दोनदा तरी भेटायचो. दर भेटीत सांगायला वेळ होता.

मागच्या महिन्यात ती गेली. तेराव्याला तिची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आई दिवाळीत रांगोळीचे ठिपकेसुद्धा स्वतः घालायची नाही. म्हणायची, माझं मोजलेलं चुकतं, तुम्ही घाला. मी एकदा आजोबांचं काम घालवलंय. सांगताना पोरगी रडतही होती आणि हसतही होती.

"मामा, आई खरंच एवढी वेंधळी होती का हो?"

मी तेव्हा दहावीतला पोरगा नव्हतो. मला साठावं चालू आहे. बाबा नाहीत, सेठ नाही, मला कुणाची भीती नव्हती.

मी म्हणालो, "होती थोडी."