चंद्रावरचं सोनेरी यान

आता हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या. चंद्रावर हरवलेलं एक यान मी शोधून काढलं होतं! होय, मीच. कुरुंद्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई.

झालं काय, चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेले फोटो तेव्हा नुकतेच इंटरनेटवर दिसू लागले होते. फार पूर्वी चंद्रावर उतरून गप्प झालेली काही यानं नेमकी कुठं पडलीत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात मी बोलून गेले, "त्यातलं एक तरी मी शोधणार!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता माघार कशी घ्यायची?

मग दर रविवारी वसमतला, रहीमभाईंच्या नेट कॅफेत. घरून निघताना आमचे हे म्हणायचे, "घरातला माझा चष्मा सापडत न्हाई तुला, अन् चंद्रावरचं यान सापडंल व्हय?"

मी सरळ एसटी पकडायची.

खड्डे, खड्डे आणि खड्डे! एकेक फोटो उघडायचा तर जेवण होऊन यावं इतका वेळ. पण मीही हट्टाला पेटलेली. आणि एका रविवारी, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर, एका खड्ड्याच्या काठाशी दिसला ठिपका. सोनेरी!

"रहीमभाई! सापडलं!"

ते धावत आले. "क्या गुम गया था मॅडम?"

पुढच्या रविवारी ह्यांना घेऊन गेले. हे पडद्याला नाक लावून म्हणाले, "फोटो काळा-पांढरा हाय. मंग एवढंच पिवळं काहून दिसून राहिलं?"

"यानाला सोनेरी पत्रा गुंडाळतात!" काय ठासून सांगितलं मी!

रहीमभाईंनी तोच फोटो शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडला. तिथं यान नव्हतं. आता एखाद्याला शंका आली असती की नाही? मी काय म्हणाले असेन? "तुमचा हा पडदा मंद आहे." रहीमभाई फडकं घेऊन खिडकीजवळचा पडदा पुसायला निघाले, तर मी मध्ये उभी राहिले. "हात लावायचा नाही! जरा इकडं-तिकडं झालं तर फोटो पुन्हा उघडायचा कुणी?"

सोमवारी हेडमास्तरांनी भर परिपाठात जाहीर केलं, "आपल्या बाईंनी चंद्रावर यान शोधलं!" गावभर झालं. तालुक्याच्या पेपरचा वार्ताहरसुद्धा मागं लागला.

रविवारी अख्खी वरात कॅफेत. हेडमास्तर, वार्ताहर, आमचे हे. मी ऐटीत खुर्चीवर बसले आणि फोटो उघडला. यान जागेवर.

"वा वा!" हेडमास्तर म्हणाले.

"मॅडम, आजूबाजूचा भाग बी दाखवा की," वार्ताहर म्हणाला.

मी फोटो सरकवला. खड्डे सरकले. डोंगर सरकले. यान हललं नाही!

"उडून राहिलं काय?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

रहीमभाईंनी फोटोच बंद केला. चंद्र गेला. यान तिथंच!

ह्यांनी पुढं होऊन पडद्यावर नख घासलं, वास घेतला आणि म्हणाले, "हळद हाय. आपल्याच घरची."

सगळ्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. घरी हळद शिजवायचं काम चालू, बोटं पिवळीजर्द! आणि खड्डे मोजताना पडद्यावर बोट टेकवायची मला सवय. वार्ताहरानं पेन खिशात घातलं. हेडमास्तर म्हणाले, "चला, चहा घेऊ." एसटीत हे सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते, पण खांदे हलून राहिले होते ना!

तुम्हाला वाटलं मी थांबले? छे! पोरांना शब्द दिलेला. पुढच्याच रविवारी साबणानं हात खसाखसा धुऊन हजर.

बराच वेळ गेला आणि दिसला एक ठिपका. काळा! यावेळी मी ओरडले नाही. शहाणी झाले होते ना. आधी नखानं घासणार, इतक्यात ठिपका स्वतःच पुढं सरकला. फोटो स्थिर आणि ठिपका चालतोय! चंद्रावर गाड्यासुद्धा सोडल्या होत्या, मला माहीत होतं.

"रहीमभाई! गाडी! अजून चालू हाय!"

रहीमभाई जागचे उठलेही नाहीत.

"फुंकर मारा मॅडम. आज मुंग्या लई झाल्यात."

मी फुंकर मारली. चंद्रावरची गाडी की-बोर्डवर पडली.