गुंडाप्पाच्या ट्रॉलीची लाल पट्टी

ढोकीच्या कारखान्याला ऊस ओढणारा गुंडाप्पा भलताच तापट. ट्रॉलीला मागं चमकणारी लाल पट्टी हवी, हा नियम ऐकून तो आरटीओच्या साहेबांवरच उखडला होता. दंडाच्या धाकानं पट्टी चिकटवली; पण घरच्या जनावरांसाठी उसाच्या हिरव्या वाढ्यांचा भारा नेहमीसारखा मागं, नेमका तिच्यावरच बांधला.

त्या सांजेला ट्रॅक्टर भावाकडं सोपवून तो मोटारसायकलवर मागाहून निघाला. अंधारून आलं होतं. रस्त्यात उभी ट्रॉली त्याला पार जवळ गेल्यावर दिसली. गाडी शेतात घालून कसाबसा वाचला आणि शिव्या देतच धावून गेला, "पट्टी लावाय काय झालतं रं?"

चाक बदलणारा भाऊ, सुरज, उठून उभा राहिला. "लावलीया की, दादा. तुमीच."

गुंडाप्पानं भारा सोडला. मोबाईलच्या उजेडात पट्टी लखलखली, आणि भांडायला समोर कुणीच उरलं नाही.