मायेचं माप

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं की दुःखी होणारी अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच बाई असेल, आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. ताई सिडनीत स्कोफिल्ड्सला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत पीएचडी करतात. विषय सांगताना मला आजही दम लागतो. माणूस स्वतःशी किती मायेनं वागतो ते मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली आहे, ती तुर्की बोलणाऱ्या शाळकरी पोरींसाठी तुर्कीत बसवायची. सातारच्या बाईचा आणि तुर्कीचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. "सुपरवायझरने विचारलं कोण करेल, तर बाकीचे सगळे खाली बघायला लागले," ताई म्हणाल्या. मग त्या ऑबर्नच्या तुर्की वस्तीतल्या बेकरीवाल्याशी रोज अर्धा तास गप्पा मारून तुर्की शिकल्या. नुसतं बोलून कसं निघायचं म्हणून घेतलेला पाव दोन वर्षं आम्ही खाल्ला.

या कामाची रीत अशी, की दोघांनी भाषांतर करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या दोघांनी ते परत इंग्रजीत आणायचं. अर्थ तोच आला तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ही रीत ताईंच्या अंगात इतकी भिनली, की माझ्या आईच्या कटाच्या आमटीची कृतीही त्यांनी याच वाटेने धाडली. चौथ्या हातातून ती परत आली तेव्हा तिच्यात पुदिना होता. शिवाय प्रत्येक वाक्यातून पोरींना काय समजलं, हे खोदून विचारायचं असतं. त्याचा सराव माझ्यावर. रविवारी जेवायला या म्हणालो, तर वही काढून म्हणतात, "या म्हणताना तुझ्या मनात नेमकं काय होतं?" जेवण होतं, दुसरं काय असणार.

तर अशाच एका रविवारी ताईंच्या हातातला घास हातातच राहिला. प्रश्नावलीत निम्मे प्रश्न सुलटे आणि निम्मे उलटे असतात. 'मी स्वतःला फार बोल लावते' याला पाच दिले तर माया कमी, म्हणून असल्या प्रश्नांचे आकडे बेरजेआधी फिरवून घ्यावे लागतात. ते ताई विसरल्या होत्या, आणि हे त्यांना आत्ता आठवलं. आणि तीनच दिवसांपूर्वी ऑबर्नच्या हॉलमध्ये सगळ्या आयांना सांगून आल्या होत्या, की तुमच्या मुली स्वतःशी अगदी मायेनं वागतात. आता उत्तरं तीच येतात का ते पाहायला पुढच्या आठवड्यात त्याच मुलींकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची होती. आयांचा विश्वास उडाला तर मुली येणार नाहीत, आणि मुली आल्या नाहीत तर तीन वर्षांचं काम पाण्यात. ताईंनी आयांना पुन्हा बोलावलं. वाटेत त्यांना माफीची तुर्की वाक्यं घोकायची होती, म्हणून गाडी मी चालवली.

ताईंनी उभं राहून, आधी तुर्कीत आणि मग इंग्रजीत, चूक कबूल केली. मग पुढच्या रांगेतल्या एक आई इंग्रजीत म्हणाल्या, "आम्हाला त्याच दिवशी शंका आली होती, डिअर. माझी लेक एक उत्तर चुकलं तर दोन दिवस नीट जेवत नाही. पण तू इतकी खूश होतीस, म्हटलं कशाला बोला. नो वरीज. चहा घे." बाकीच्या आया हसल्या, आणि पुढच्या आठवड्याच्या यादीत सगळ्यांनी मुलींची नावं लिहिली.

मला वाटलं, परतताना ताई गाणं म्हणतील. पण त्या स्वतःला गाढव, बिनडोक, ठार वेडी म्हणत होत्या. प्रश्नावली एव्हाना मलाही पाठ झालेली. मी म्हटलं, "ताई, 'माझी चूक होते तेव्हा मी स्वतःला समजून घेते.' एक ते पाच, आकडा सांगा." ताईंनी चष्मा पुसला. "ही प्रश्नावली मोठ्यांसाठी नाही," त्या म्हणाल्या. मला हसू आवरेना, मग त्याही हसल्या.

आमच्या दारात गाडी थांबली तरी त्या उतरेनात. "मी चुकले म्हटलं, तर ती चहा घे म्हणाली रे," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या घरी असं कधी कुणी म्हटलं नाही." मला फार भरून आलं. आत नेऊन मी स्वतः चहा केला. गडबडीत साखर दुप्पट पडली. ताईंनी एक घोट घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, "असू दे," म्हणाल्या आणि सगळा प्यायल्या.